उभ्याला बहिरी सुई

आक्कांनी मला खोली दिली ती माझं तोंड न बघता. शिरूरच्या बसस्टँडवरून मी त्यांना फोन केला होता. रांजणगावला एका कारखान्यात मोजमापाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे, एकटी आहे, कंपनीची बस थांबते तिथून चालत येण्याइतक्या अंतरावर जागा हवी आहे, हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं. पलीकडून रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा एक स्वच्छ आवाज म्हणाला, "सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. या. वरची खोली तुमची."

मी लातूरहून निघाल्यापासून खरंच काही खाल्लं नव्हतं.

घरी पोचले तर दारात एक बुटक्या, सावळ्या बाई उभ्या होत्या. नऊवारी नाही, पाचवारीच, पण पदर कमरेला खोचलेला. "पिशवी हितं ठेव. पाय धू आन् बस," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्या पाठीमागं बघितलं, फोनवरची बाई कुठं आहे म्हणून. ती बाई ह्याच होत्या. फोनवरचा आवाज ड्युटीचा, हा घरचा. ड्युटीच्या आवाजात त्या सगळ्यांना अहोजाहो करत आणि एकही अक्षर गिळत नसत. घरच्या आवाजात मी पहिल्या मिनिटापासून 'पोरी' झाले.

आक्का टेलिफोन ऑपरेटर होत्या. एकोणिसाव्या वर्षी दौंडच्या एक्स्चेंजमध्ये लागल्या तेव्हा सगळे फोन हातानं जोडून द्यावे लागत. समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या, आणि डाव्या कानावर ऐकायचं यंत्र. पुढं बदली होऊन शिरूरला आल्या. नंतर सगळं आपोआप जुळायला लागलं, फळा निघाला, आणि आक्कांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं, तिथूनच त्या निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या काळच्या तारांबद्दल मात्र त्या माणसांबद्दल बोलावं तशा बोलत. राहू गावची लाइन कुंथायची. केडगावची शिट्टी घालायची. पावसाळ्यात पाटसकडून फोन आला की पलीकडं कुणीतरी भजी तळतंय असं वाटायचं. फळ्यावरचा दिवा बघायच्या आधीच कुठलं गाव बोलावतंय ते त्यांना नुसत्या गुणगुणीवरून कळत असे.

ट्रंक कॉलला तेव्हा तीन मिनिटं मिळत, आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटरनं मध्ये बोलून विचारायचं, वाढवू का. ही सवय त्यांच्या जिभेतून गेलीच नाही. शेजारीण सुनेची कागाळी घेऊन आली की आक्का शांतपणे ऐकत, आणि मध्येच ड्युटीच्या आवाजात म्हणत, "तीन मिनिटं झाली. वाढवू?" शेजारीण गोंधळून उठून जाई. घड्याळाकडं त्या बघत नसत. मी एकदोनदा मोबाइलवर वेळ लावून पाहिला. इकडंतिकडं दोनतीन सेकंदं, बस.

त्यांच्या कानाची मला पहिल्यांदा भीती वाटली ती सहा महिन्यांनी. रविवारी मी जिन्यात बसून आईशी बोलत होते, फोनचा आवाज मोठा ठेवून. नेहमीचंच बोलणं. जेवलीस का, थंडी आहे का, बाबा शेतावर गेलेत. फोन ठेवल्यावर आक्का खालून म्हणाल्या, "आजच गावी जा." मी विचारलं का. त्या म्हणाल्या, "तुझी आई घरातून बोलत न्हवती. फरशी मोठी हाय तिथली, आन् छत उंच. आन् बाबा म्हणताना तिचा श्वास अर्धाच आला." मी हसून सोडून दिलं. संध्याकाळी त्यांनी मला लातूरच्या गाडीची वेळ चिठ्ठीवर लिहून दिली. मी गेले. बाबा तीन दिवसांपासून दवाखान्यात होते, छातीत दुखून. माझी नोकरी नवी, मी घाबरून सोडून येईन म्हणून सगळ्यांनी लपवलं होतं. बाबा बरे झाले. पण त्यानंतर आक्कांसमोर मी फोनवर कधी खोटं बोलले नाही.

आता तबकड्यांकडं येते. आक्कांच्या पुढच्या खोलीत साडेतीनशेच्या वर जुन्या रेकॉर्डी होत्या. मांडववाल्यांनी आणि भोंगेवाल्यांनी कॅसेट आल्यावर ज्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या, त्या आक्कांनी दौंड-शिरूरची गोदामं धुंडाळून आणल्या होत्या. बॅटरीत घालायच्या पाण्यानं त्या एकेक तबकडी धुवत आणि मऊ सुती धडप्यावर वाळत घालत. स्पीकर मात्र एकच, कपाटाएवढा, दौंडच्या एका सुताराकडून करून घेतलेला. दुसरा बिघडला का, असं लोक विचारत. आक्का सांगत, ह्या सगळ्या जुन्या रेकॉर्डी एकाच माइकपुढं भरलेल्या, गाणाऱ्याला तोंड एक होतं, मग दोन ठिकाणांहून त्यानं कशाला बोलायचं. आणि ऐकताना त्या डावा कान थोडा पुढं करून बसत, फळ्यासमोर बसल्यासारख्या.

निमोण्याचे आप्पा आले ते माझ्या सुट्टीच्या दिवशी. साठी ओलांडलेले, शेवंती लावणारे शेतकरी. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, आणि ते त्यांनी तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर धरलं होतं. आत एक लहान तबकडी होती, इतकी झिजलेली की काळी न दिसता राखाडी दिसत होती.

तिच्यावर त्यांच्या आईचं गाणं होतं. लग्नाआधी हळद लावताना बायका म्हणतात त्यातलं. कधीकाळी मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीची माणसं पुण्यात उतरून गावोगावची लग्नातली गाणी भरून घेत होती, तेव्हा आप्पांचे मामा आपल्या बहिणीला भाजीच्या ट्रकातून पुण्याला घेऊन गेले. एक गाणं भरलं. ते दौंड आणि शिरूर ह्या दोन्ही तालुक्यांत इतकं चाललं की वीसेक वर्षं हळद म्हटली की तेच वाजायचं. आई मात्र आप्पा तीन वर्षांचे असतानाच गेली. घरात रेकॉर्ड नव्हती, वाजवायचं यंत्र तर नव्हतंच. ही एक तबकडी राहूच्या एका मांडववाल्याच्या गोदामात सापडली, आप्पांच्या थोरल्या बहिणीला. ती राहूला दिलेली.

"मला आईचा आवाज फकस्त भोंग्यातनं म्हाईत हाय, आक्का," आप्पा म्हणाले. "दुसऱ्याच्या लग्नात, लिंबाला टांगलेल्या भोंग्यातनं. आन् भोंग्यातनं सगळ्यांच्याच आया सारख्या."

पुण्यात एका दुकानात त्यांनी ती वाजवून बघितली होती. खरखरीशिवाय काही आलं नाही. दुकानदार म्हणाला, फ्रेम करून भिंतीला लावा.

आक्कांनी तबकडी कडेनं धरली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरकी करून बराच वेळ बघत राहिल्या. मग ती टॉवेलात ठेवली आणि म्हणाल्या की मी आज वाजवणार नाही.

आप्पांचा चेहरा पडला. तेव्हा आक्कांनी त्यांना खाली बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तीन मिनिटांच्या वर बोलल्या. तबकडीच्या यंत्राला जी दांडी असते तिच्या टोकाला काडेपेटीहून लहान अशी एक डबी असते, तिला कार्ट्रिज म्हणतात. तिच्या पोटात सुई. सुई खाचेतून धावताना हलते आणि त्या हलण्याची ती डबी वीज करते, तोच आवाज. जुन्या मोनो, म्हणजे एकाच माइकवर भरलेल्या, तबकडीत गाणं फक्त आडवं असतं, सुई डावीउजवीकडं हलते त्यात. वरखाली जे हलतं ते गाणं नसतं, ती धूळ आणि ओरखडे. आजकालच्या स्टिरिओ सुया दोन्हीकडचं ऐकतात, म्हणून इतकी खरखर. "आपल्याला उभ्याला बहिरी सुई पाहिजे," आक्का म्हणाल्या. "जिला वरखाली काही कळतच न्हाई अशी."

आणि दुसरं असं की सुईची जाडीही बरोबर हवी. भोंगेवाल्यांनी बारीक, बोथट झालेल्या सुयांनी ही तबकडी हजारदा वाजवली, त्या सगळ्या सुया खाचेच्या तळाशी घासत गेल्या. खाच वरती रुंद असते. जाड सुई घातली तर ती तळापर्यंत जाणारच नाही, वरच अडकेल, आणि त्या वरच्या भिंतीला आजपर्यंत कुणी शिवलेलं नाही. "तिथं तुमची आई कोरी हाय अजून," त्या म्हणाल्या.

आप्पांनी विचारलं, अशी सुई तुमच्याकडं नाही का. होती. पण ती आक्कांच्या स्वतःच्या साडेतीनशे तबकड्यांवर फिरून झिजलेली होती. झिजलेली सुई परक्याच्या आईवर चालवायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

जाताना उंबऱ्यात उभं राहून आप्पांनी खरी अडचण सांगितली. थोरल्या बहिणीला ते माई म्हणत. माईंचे कान जात होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्षभरात बरंच जाईल. आणि आईचा खरा आवाज आठवणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ती माई. आई गेली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. हीच ती आई, असं दुसरं कुणी सांगू शकलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून कार्ट्रिजचा शोध सुरू झाला.

शोधायचं काम लॅपटॉपवर मी करायची आणि विचारपूस आक्का फोनवर करायच्या, ड्युटीच्या आवाजात, गरज पडली तर ट्रंक ऑपरेटरच्या हिंदीत. एका विक्रेत्यानं सांगितलं, तुमच्या चालू स्टिरिओ कार्ट्रिजच्या मागच्या तारा एकत्र जोडा, झालं मोनो. आक्का म्हणाल्या, त्यानं खरखर कमी होते हे खरं, पण सुई तीच बारीक राहते. दुसऱ्यानं नवीनच निघालेली मोनो सांगितली. तिचीही सुई बारीक, नव्या छापलेल्या तबकड्यांसाठी केलेली. आक्कांना हवी होती ती जुन्या घडणीची, पोटात तारेचं एकच वेटोळं असलेली, टोक एक सहस्रांश इंचाचं. म्हणजे आमच्या भाषेत पंचवीस मायक्रॉन. अशी सुई वरखाली दबत नाही, स्टिरिओ तबकडीवर चुकून ठेवली तर नांगरून काढते, म्हणून ती फार कुणी ठेवत नाही.

शेवटी कोलकात्यात एकाकडं मिळाली. आक्कांनी त्याला नको इतके प्रश्न विचारले. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "माणूस खरं बोलतोय. पण त्याला म्हाईत न्हाई."

मला हे बोलणं तेव्हा कळलं नाही.

कुरिअरनं डबी आली. दोन मुंगीएवढे स्क्रू मी बसवले, सुईचा दाब इवल्याशा काट्यावर तोलला. आक्कांनी आप्पांची तबकडी बाहेर काढलीच नाही. स्वतःची एक अशीच झिजलेली घेतली, सुई ठेवली, डावा कान पुढं केला, आणि एखादी ओळ झाली नसेल तेवढ्यात सुई उचलली.

"ही तळाला बसतीय," त्या म्हणाल्या.

मला तर गाणं छान ऐकू आलं होतं. मी तसं म्हटलंही. आक्कांनी वाद घातला नाही. डबी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, तुझ्या कारखान्यात मोज.

आमच्या विभागप्रमुखांना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शक वापरायची परवानगी दिली आणि स्वतः जेवण सोडून बघायला येऊन उभे राहिले. पडद्यावर सुईचं टोक मुठीएवढं दिसत होतं. त्याच्यावर वर्तुळ बसवलं. अठरा मायक्रॉन. मी सुई फिरवून पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा. अठराच.

माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे सात मायक्रॉनचा फरक, ह्या बाईनं नुसतं ऐकून पकडला होता. तेवढाच फरक शोधायला आमच्याकडं तापमान बांधलेली एक बंद खोली आहे, पायात वेगळ्या चपला घालाव्या लागतात आणि यंत्राला कुणी धक्का देऊ नये म्हणून लाल पट्टा ओढलेला आहे. साहेब बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं की ह्या बाईंना एकदा कारखान्यात आणता येईल का. मी आक्कांना निरोप दिला. त्या म्हणाल्या, "तिथं यंत्रं फार ओरडतात," आणि मला विचारलं, जेवलीस का.

कोलकात्याच्या माणसाला त्याची चूक पटली. त्याच्याकडं दोन डब्यांची अदलाबदल झाली होती आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. बरोबर असलेली दुसऱ्या कुणाकडं गेली होती, ती परत मिळवून पाठवायला सात आठवडे लागणार होते.

आप्पा आले. मी त्यांना इतकं हतबल कधी पाहिलं नव्हतं. माईंना आता देवळातली घंटा ऐकू येईनाशी झाली होती. आप्पा म्हणाले, आलेल्या सुईवरच वाजवा, थोडं खराब आलं तर येऊ द्या, माईला ऐकू येतंय तोवर होऊन जाऊ दे. मलाही ते पटलं. मी आक्कांना म्हणाले की बरोबर सुई आली आणि माईंचे कान गेले तर त्या बरोबर सुईचा उपयोग काय.

आक्का माझ्याकडं न बघता आप्पांना म्हणाल्या, "ह्या सुईनं तुम्हाला आई ऐकू यायची न्हाई. भोंगेवाले ऐकू येतील. आन् माईनं हीच ती म्हणून हो म्हटलं, तर तुम्ही आयुष्यभर त्यालाच आई म्हणाल."

आप्पा पाणी न पिता निघून गेले. त्या दिवशी मला आक्का निर्दय वाटल्या.

त्यानंतरचे सात आठवडे त्यांनी एकही तबकडी लावली नाही. पण रोज दुपारी चार वाजता त्या राहूला फोन करत. शिफ्ट संपवून मी घरी यायची तेव्हा तो चाललेला असे. ड्युटीच्या आवाजात, एकेक नाव सावकाश: "यवत. पाटस. वरवंड. कुरकुंभ. केडगाव. सोनवडी." पलीकडून माई ते नाव परत म्हणत. म्हणता आलं नाही की आक्का समोरच्या वहीत एक रेघ ओढत. जुन्या फळ्यावरची गावं होती ती सगळी. मला वाटलं ह्या दोघींनी काही खेळ काढलाय. एक दिवस आक्का फोन ठेवून तशाच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "पाटसमधला 'स' जायला लागला तिचा." तेव्हा मला कळलं. माईंचा कान किती उरलाय ते त्या रोज मोजत होत्या. पुढच्या आठवड्यात सोनवडीतला 'स' गेला. आक्कांचं जेवण कमी झालं. एकदा त्यांनी मला विचारलं, स्वतःबद्दल मला कधी विचारलेलं तेवढंच, "चुकलं का गं माझं?"

सुई आली. पंचवीस मायक्रॉन, आणि टोक आरशासारखं गुळगुळीत. मी कारखान्यातूनच फोन करून आकडा सांगितला. पलीकडून घरचा आवाज आला, "बरं झालं, पोरी."

ठरलेल्या दुपारी आप्पा टेम्पोतून माईंना घेऊन आले. हडकुळ्या, डोक्यावरून पदर, आणि नव्या जागी कान कमी असलेली माणसं हसतात तसं सारखं हसणाऱ्या. आक्कांनी शेजारच्या पिठाच्या गिरणीला अर्धा तास बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि गिरणीवाल्यानं काही न विचारता ठेवली. फ्रिजची पिन काढली. पंखा बंद केला. माईंना खुर्चीत न बसवता स्पीकरला लागून सतरंजीवर बसवलं आणि त्यांचा तळहात स्पीकरच्या लाकडावर टेकवला. कानानं येईल ते येईल, उरलेलं हातानं.

मग आक्कांनी सुई ठेवली.

आधी हलकी खसखस आली, दूरच्या शेतात कुणी वाळलेला पाला तुडवावा तशी. आणि एका श्वासानंतर आवाज. तो श्वाससुद्धा ऐकू आला. खोलीत एक तरुण मुलगी गात होती. भोंगा नाही, मांडव नाही, मागं नुसती ढोलकी. ओठ उघडताना, मिटताना कळत होते. 'हळद लागली लेकीला, उन्हा जरा हळू,' असं धृपद होतं, आणि 'हळू' म्हणताना ती खरंच आवाज खाली आणत होती, जणू ऊन ऐकतंय. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. ती माझ्याहून लहान असावी. समोर पांढऱ्या मिशांचे आप्पा मांडी घालून बसले होते, आणि त्यांची आई माझ्याहून लहान होती.

माईंचं हसू थांबलं होतं. त्यांनी दुसराही हात लाकडावर ठेवला. मग कपाळ टेकवलं. कुणी विचारायच्या आधीच त्या मान हलवायला लागल्या, हो, हो, अशी.

गाणं संपलं ते जरा विचित्र संपलं. शेवटच्या वेळी 'उन्हा जरा' म्हटलं आणि 'हळू' आलंच नाही, तुटलं. आक्कांनी सुई उचलली. त्यांचा डावा कान अजून पुढंच होता.

आक्का म्हणाल्या, "हिच्या मांडीवर मूल होतं."

आप्पांनी वर बघितलं.

"दुसऱ्या कडव्यापासनं हात थापटतोय. ढोलकीच्या ठेक्यात न्हाई, वेगळाच. बांगड्या वाजत्यात त्याच्या. आन् शेवटाला मूल कुरकुरलं, तिनं मान खाली घातली, म्हणून शब्द माइकपासनं लांब गेला." मग त्या माईंच्या कानाशी वाकल्या आणि ड्युटीच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मूल कुरकुरलं, म्हणून शेवटी गाणं तुटलं. गाणं भरताना, आईजवळ, मूल कोण होतं?"

माईंना हे ऐकू आलं. त्यांनी आप्पांकडं बोट केलं.

"ह्योच की. आठ म्हैन्याचा व्हता. अंगावर पीत व्हता, म्हणून न्यावाच लागला. मला न्हेलं न्हाई." साठ वर्षांनंतरही त्यात थोडी तक्रार होती. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणून व्हय. आमच्याकडं समद्या बाया तिथं गाणं तोडत्यात. निमोण्यात तोडत्यात, राहूला तोडत्यात. माझ्या हळदीलाबी तिथंच तोडलं. आमाला वाटायचं चालच तशी हाय."

आप्पा एवढंच म्हणाले, "म्हंजी म्या हाय त्याच्यात?"

"हाय की," आक्का म्हणाल्या. "शेवटाला."

त्या माणसानं तोंडावर टॉवेल धरला. गिरणीवाला बाहेरून विचारायला आला, सुरू करू का, आणि दारातूनच परत फिरला. थोड्या वेळानं आप्पांनी पुन्हा लावायला सांगितलं. आक्का म्हणाल्या, सुई फिरली की खाच तापते, तिला एक दिवस विसावा द्यायचा, उद्या या. त्यांनी मान्य केलं. माईंनी जाताना आक्कांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि फोनवर म्हणायच्या तशी एक दोन गावं म्हणून दाखवली, पाटस, सोनवडी, 'स' कुठंच न लावता, आणि दोघी हसल्या.

आता मी चाकणला असते. मोजमापाचंच काम करते, पूर्वीपेक्षा चांगल्या यंत्रांवर. शंभर माणसांना मी ते सात मायक्रॉन सांगितले असतील, कुणाचाच विश्वास बसत नाही, आणि मी आग्रहही करत नाही. मला आठवते ती आप्पा आणि माई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पहिल्या शिफ्टची बस धरायला मी जिना उतरून खाली आले. पुढच्या खोलीत तबकडी टॉवेलात गुंडाळून ठेवलेली होती, यंत्रावर झाकण होतं, आणि स्वयंपाकघरातून गाण्याचा आवाज येत होता.

आक्का ओट्यापाशी पाटावर बसून लसूण सोलत होत्या आणि हळदीचं गाणं म्हणत होत्या. दोन वर्षांत मी त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. आवाज बेताचाच होता, वरच्या सुरात फाटत होता, आणि त्यांच्याइतकं ते कुणाला कळत असेल. मी दारात येऊन उभी राहिले तरी त्या थांबल्या नाहीत. 'उन्हा जरा' इथपर्यंत आल्या, तिथं गाणं तोडलं, आणि डावा हात मांडीवर थापटत राहिला.